एका बाजूचा भाव

बसच्या भाड्याला टप्पा असतो. वाशिमहून रिठदला किती आणि रिसोडला किती, हे रस्त्याची लांबी ठरवते. बरीच वर्षं मी याच रस्त्यावर वाहक म्हणून काम करते आहे, त्यामुळे कुठलीही वस्तू हातात घेतली की मला तिचे टप्पे मोजायची सवय लागली आहे. माल किती, मजुरी किती, इथवर आणायला किती. बहुतेक वस्तू या हिशेबात बसतात. कुकरची रबरी रिंग बसत नाही. मिक्सरच्या भांड्याचं नुसतं झाकण मागितलं तर दुकानदार असा भाव सांगतो की नवीन मिक्सरच घ्यावा. चष्म्याची एक काडी मोडली की अख्ख्या चष्म्याचे पैसे. आणि बाईच्या आतल्या कपड्यांचं तर विचारूच नये. कापड वीतभर, भाव साडीचा. दुकानदाराला माहीत असतं की या कपड्यावर बाई घासाघीस करत नाही. ती खाली मान घालून पैसे देते, वस्तू पिशवीत कोंबते आणि निघते.

मी घासाघीस करते. मोठ्याने करते. माझा नवरा अशा वेळी दुकानाबाहेर जाऊन मोटारसायकलची हवा तपासतो.

गेल्या वर्षी माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली. अकोल्याला ऑपरेशन झालं, डावी बाजू काढली, पुढची औषधं झाली, केस गेले आणि परत आले. त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फार नाही. डॉक्टरांनी त्यांचं काम केलं, मी त्यांनी सांगितलं तसं वागले. जखम नीट भरल्यावर ते म्हणाले, "कामावर जायला हरकत नाही. फक्त डाव्या खांद्यावर वजन घ्यायचं नाही."

वजन म्हणजे आमची पैशांची चामडी बॅग. ती मी आधीपासूनच उजव्या खांद्यावर घेत होते. पट्टा छातीवरून तिरपा येतो आणि बॅग डाव्या कमरेवर बसते. घरी आल्यावर मी ती एकदा घालून पाहिली आणि लक्षात आलं, की इतकी वर्षं पट्टा जागेवर राहत होता तो माझ्या अंगाच्या आधाराने. आता डावीकडे त्याला अडवायला काही नव्हतं. दोन पावलं चालले की तो काखेकडे सरकायचा, बॅग मागे जायची आणि मी तिला पुढे ओढायच्या नादात वाकडी व्हायची. खाकी कुर्ता त्या बाजूला आत बसायचा तो वेगळाच. आरशात मी एका बाजूला झुकलेल्या विजेच्या खांबासारखी दिसत होते.

डॉक्टरांचा कागद घेऊन डेपोत गेले. आमचे मॅनेजर भला माणूस. म्हणाले, "मॅडम, कशाला गाडीवर जाता? हिशेबाच्या खोलीत टेबल रिकामं आहे. पंख्याखाली बसा."

त्यांच्या मनात चांगलंच होतं. पण टेबलावर गेलेली बाई पुन्हा गाडीवर आलेली मी पाहिलेली नाही. शिवाय टेबलापाशी येणारा प्रत्येक जण विचारणार, आता कशी आहे तब्येत? गाडीत कोणी विचारत नाही. गाडीत लोकांना सुट्टे पैसे हवे असतात आणि खिडकी हवी असते. मला ते बरं वाटतं. मी म्हटलं, "मला गाडीच द्या."

"ठीक आहे," ते म्हणाले. "महालक्ष्म्या झाल्या की या. एक आठवडा गाडी करून बघा. जमलं तर गाडी, नाही जमलं तर मुकाट्याने टेबल. मंजूर?"

"मंजूर."

म्हणजे मला त्या आठवड्यात सरळ उभं राहायचं होतं. भरलेल्या गाडीत, मधल्या वाटेत, एका हातात तिकिटाचं मशीन आणि खांद्यावर बॅग घेऊन.

यावर वस्तू मिळते हे मला दवाखान्यातल्या सिस्टरने सांगितलं होतं. पुढच्या तपासणीला अकोल्याला गेलो तेव्हा दवाखान्यामागच्या सर्जिकलच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पांढऱ्या खोक्यातून एक खिशाची बॉडिस काढली आणि दुसऱ्या खोक्यातून खिशात ठेवायचा सिलिकॉनचा गोळा. हातात घेतला. वस्तू चांगली होती, खोटं कशाला बोलू. वजन खऱ्यासारखं, स्पर्श थोडा थंड. मग त्याने भाव सांगितला. नुसत्या बॉडिसला चांगली काठाची साडी आली असती. गोळ्याला माझा बराचसा पगार.

"हा भाव जोडीचा आहे का?" मी विचारलं.

"नाही मॅडम, एकाचा."

"एका बाजूचा?"

"हो. जोडी घेतली तर थोडं कमी करू."

नवरा हवा तपासायला बाहेर गेला. मोटारसायकल वाशिमला होती.

"एवढं काय आहे यात?" मी म्हटलं.

"इम्पोर्टेड आहे. बाहेरचा माल."

"बाहेरचा म्हणजे अमरावतीचा, की त्याच्याही पलीकडचा?"

"मॅडम, लाइफटाइम टिकतो."

"गॅरंटी किती?"

"एक वर्ष."

"मग लाइफटाइम कोणाचं धरलंय?"

तो बिचारा खोकं बंद करायला लागला. बाहेर नवरा म्हणाला, "घेऊन टाक. पैशांचं बघू." त्याने ते मनापासून म्हटलं, आणि पैसे उभे राहिलेही असते. पण मला राग भावाचा आला होता. गाठ काढायला पैसे लागले ते मी दिले, कारण त्यात डॉक्टर होते, भूल होती, रात्रभर जागणाऱ्या सिस्टर होत्या. टप्पे दिसत होते. या गोळ्यात मला टप्पे दिसेनात. ज्या बाईला गरज आहे ती भाव विचारायला लाजणार, एवढ्याच जोरावर तो आकडा उभा होता असं मला वाटलं. मी घेतला नाही.

घरी आधी रुमाल घडी करून पाहिले, मग कापूस. बॅगेत सुट्टी नाणी भरली, खुर्च्या दोन रांगांत मांडल्या आणि नवऱ्याला प्रवासी केलं.

"एक रिसोड द्या," तो म्हणाला.

मी वळले, वाकले, पैसे घेतले.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमचं सामान गळ्यापर्यंत आलंय."

कापूस खरंच वर चढला होता. आम्ही दोघं हसलो. मग मी कापूस काढून फेकला आणि चहा ठेवला.

त्याच आठवड्यात महालक्ष्म्या होत्या. त्या आमच्या रिठदच्या घरी बसतात. घर थोरल्या दिरांचं, आणि कारभार थोरल्या जाऊबाईंचा. त्या शेतीचंही बघतात आणि गावातल्या बायकांचे ब्लाउजही शिवतात. आमचं भांडण कधी नव्हतं, पण बोलणंही बेताचंच. सणाला मी ड्युटी संपवून पोचायची तोवर नैवेद्य झालेला असायचा, आणि जाऊबाई दारातूनच म्हणायच्या, "आली का शेवटची गाडी?" मला ते लागायचं. त्यांनाही माझं उशिरा येणं लागत असणार. या वेळी रजेवर होते म्हणून आदल्या दिवशी सकाळीच गेले.

महालक्ष्म्या आमच्याकडे उभ्या असतात. खाली पत्र्याच्या कोठ्या, वर पितळी मुखवटे आणि मध्ये कापडाची धडं, हातांसकट. ही धडं जाऊबाई शिवतात. जुनं झालं की उसवतात, भरण बदलतात, पुन्हा शिवतात. मी गेले तेव्हा एक धड मांडीवर आडवं घेऊन त्या त्याच्या छातीत कापूस दाबत होत्या. मी लुगड्यांच्या घड्या घालायला बसले.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "अवं, तुहा पदर काहून एका बाजूनं घसरून राह्यला?"

"तिथे काही नाही ना आता, म्हणून."

"थे मले मालूम हाये. पण वाकडी कायले चालतं? म्या तू आली तवापासून पाहून राह्यली. दुखते काय?"

मी म्हटलं, दुखत नाही. मग पट्ट्याचं सांगितलं, टेबलाचं सांगितलं, अकोल्याच्या गोळ्याचा भाव सांगितला. भाव ऐकून त्यांच्या हातातला कापूस खाली पडला.

"एकाचा?"

"एकाचा."

"बाप्पा! एवढ्यात तं देवीचे दागिने होतीन!" त्या उठल्या. "चाल आत. काढ ब्लाउज."

"आत्ता?"

"मंग कवा? काहून लाजतं? कितीक वर्सांपासून लक्ष्म्यांची धडं शिवून राह्यली मी. त्याईले दोन लागतात, तुले एकच पायजे."

आतल्या खोलीत मी ब्लाउज काढला. नवरा आणि दवाखाना सोडून ती जागा कोणी पाहिलेली नव्हती. बहीण भेटायला आली होती ती माझ्या कपाळाकडे बघत बोलत होती. जाऊबाईंनी खिडकीची फळी उघडली, चष्मा लावला आणि शिंपी दुसऱ्या शिंप्याची शिवण बघतो तसं जवळून बघितलं. व्रणावरून बोट फिरवलं.

"टाके साजरे घातले डाक्टरनं," त्या म्हणाल्या. "शेवटची गाठ कुठी मारली त्यानं? दिसून नाई राह्यली."

माझं त्या ऑपरेशनबद्दलचं ते पहिलं मनमोकळं हसू.

त्यांनी टेपने उजवी बाजू मोजली. अस्तराचं मऊ कापड काढलं. कळ्या कापून शिवल्या, ब्लाउजला टोक काढतात तशा. भरण काय घालायचं यावर थोडा विचार केला. "कापूस नाई जमत. कापूस हलका, वरतं चढते. देवीले बी खाली कोठीत गहू भरतो ना आपण, तवा थे हालत नाई. वजन पायजे." गहू टोचेल म्हणाल्या. तांदळाला किडे लागतील. मग डब्यातून जवस काढला. जवस हातात घेतला तर पाण्यासारखा सरकतो. पिशवी भरून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली आणि मी त्यांच्याकडे बघितलं. अकोल्याच्या गोळ्याचीच बहीण.

जुन्या बॉडिसला आतून खिसा लावला, पिशवी घातली. मग कापडी झोळीत पायलीभर गहू भरून माझ्या खांद्याला तिरपी अडकवली आणि मला अंगणात चालायला लावलं. पट्टा जागेवर राहिला. दीर पानं आणायला बाहेर निघाले होते, ते थांबले. "हे काय चालू हाये?"

"तिची ड्युटी चालू हाये," जाऊबाई म्हणाल्या. "तुमी जा."

सण झाला आणि मी गाडीवर गेले. पहिला दिवस उत्तम. दुसरा दिवसही. लोकांनी सुट्टे पैसे मागितले, एका म्हातारबांनी नेहमीसारखं खिडकीवरून भांडण काढलं, मला फार बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी ऊन तापलं. पावसाने उघडीप दिली होती आणि गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. रिठद सुटल्यावर मला छातीशी काहीतरी गार, बुळबुळीत लागायला लागलं. वाटलं, जखम उघडली. पण मागचे लोक तिकिटं मागत होते. रिसोडला उतरून बायकांच्या खोलीत गेले, कडी लावली, पिशवी बाहेर काढली. रक्त नव्हतं. घामाने जवस फुगला होता, त्याला चिकट सुटला होता आणि सगळ्याचा मिळून एक मोठा लाडू झाला होता.

येताना पिशवीशिवाय आले. पट्टा सेफ्टी पिनेने कुर्त्याला टोचला, तर कुर्ताच वाटेत फाटला. डेपोत मॅनेजरांनी विचारलं, "कसं काय?" मी फाटक्या जागेवर ओढणी ओढून म्हटलं, "मस्त." आठवडा अजून संपायचा होता.

संध्याकाळी जाऊबाईंना फोन केला. आधी त्या घाबरल्या. रक्त नव्हतं म्हटल्यावर मोठ्याने हसल्या, आणि मग स्वतःवर चिडल्या.

"कशी बह्याड मी! एवढ्या बाळंतिणीईले जवस भिजवून देल्ला, केसाले लावाले देल्ला, त्याले पाणी लागलं का चिकट सुटते हे मले मालूम नाई काय! घाम म्हंजे पाणीच ना वो. उद्या कितीले येते गाडी?"

"साडेदहाला रिठद."

"फाट्यावर थांबतो मी."

दुसऱ्या दिवशी त्या फाट्यावर उभ्या होत्या. गाडी थांबली तशी खिडकीतून प्लास्टिकची पिशवी वर दिली. पुढच्या सीटवरची बाई म्हणाली, "जावेनं डबा आणला वाटते!"

"डबाच हाये," जाऊबाई म्हणाल्या. "रिसोडले जाऊन खोल."

रिसोडला खोलला. या वेळी राई होती. आमच्याकडे तान्ह्या बाळाला राईच्या उशीवर निजवतात, डोकं गोल यावं म्हणून. घरातल्या सगळ्या पोरांनी वापरलेली ती उशी जाऊबाईंनी उसवली होती. माझी दोन्ही मुलंही तिच्यावरच निजली आहेत. याचं मला भरून वगैरे आलं नाही. मी आधी फोन करून विचारलं, जुनी राई कशाला? त्या म्हणाल्या, वाळून कोरडी झालेली राई वास मारत नाही, चाळून दोन दिवस उन्हात ठेवली आहे. म्हणजे हे त्यांनी माझा फोन यायच्या आधीच सुरू केलं होतं. जवसावर त्यांचा पूर्ण भरवसा नव्हता, पण सणात सांगून माझं मन कशाला मोडा, असं वाटलं म्हणाल्या. शिवणही बदलली होती. आतली पिशवी घट्ट विणीची, बाहेर मऊ खोळ, खोळीला नाडी. रोज खोळ धुवायची, राई कोरडी राहते.

पुढे एकदा तपासणीला अकोल्याला गेले तेव्हा त्या दुकानावरून चालत गेले. आत गेले नाही. ज्यांना तो गोळा घ्यायचा आहे त्यांनी जरूर घ्यावा, वस्तू चांगली आहे. भाव मला अजूनही पटत नाही. पण मी त्या भावाचे आभार मानते, आणि हे उपरोधाने म्हणत नाही. तो पटण्यासारखा असता तर मी खोकं घेऊन घरी आले असते, दार लावून ते घातलं असतं, आणि जाऊबाईंसमोर ब्लाउज काढायची वेळ आयुष्यात आली नसती. खिडकीची फळी उघडून, भरपूर उजेडात, माझ्याकडे नीट बघणारं माणूस मला मिळालं नसतं. ते मला कुठल्या दुकानात विकत मिळणार होतं?

मॅनेजरांनी दिलेल्या आठवड्याचा शेवटचा दिवस रिसोडच्या बाजाराचा. त्या दिवशी गाडीत माणसं, कोंबड्या, भाजीची पोती, सगळं एकत्र असतं. रिठदला गर्दीत ढकलत जाऊबाई चढल्या. म्हणाल्या, रिसोडला दोरा आणायला चालले. दोरा रिठदलाही मिळतो. एका पोराला उठवून त्या पुढच्या सीटवर माझ्याकडे तोंड करून बसल्या आणि तिकीट काढून झाल्यावर सबंध रस्ताभर माझ्या खांद्यांकडे बघत राहिल्या. मी मागपर्यंत गेले, वाकले, वळले, वाकून पायाखालून कोणाचं तरी पडलेलं नाणं काढून दिलं, पुन्हा पुढे आले. एका वळणावर गाडी जोरात कलली आणि पोत्यासकट एक माणूस माझ्या अंगावर आला. पट्टा हलला नाही.

"सरळ हायेस," रिसोडला उतरताना त्या म्हणाल्या.

"खरंच?"

"खोटं कायले बोलू? पण तुहा हा कुर्ता कोणं शिवला वो? काखेत पार आवळला हाये त्यानं. हात वर केला का ओढते. दे मले, उसवून देतो."

"ड्युटीचा आहे तो. अंगातून काढून देऊ का आत्ता?"

"दिवाळीले आण," त्या म्हणाल्या, आणि बाजारात शिरल्या.

परतीच्या फेरीनंतर मी हिशेब जमा केला आणि मॅनेजरांच्या खोलीत गेले. ते फोनवर होते. फोनवर हात ठेवून त्यांनी भुवया वर केल्या.

"गाडी," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, मान हलवली आणि पुन्हा फोनवर बोलायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीच्या फळ्यावर रिसोडच्या गाडीसमोर माझा बिल्ला नंबर खडूने लिहिलेला होता. चालक माझ्याआधीच गाडीत बसला होता आणि उशीर झाला म्हणून हॉर्न वाजवत होता.